डब्यातला खडा

सेलिंगच्या रस्त्यावर बांबूचं खोपटं आहे माझं.
दार नाही. दुकानदार नाही.
इस्कुटं, मोहरीचा पाला, आल्याचे वाटे,
पाटीवर कोळशानं लिहिलेला भाव
आणि खिळ्याला टांगलेला दूधभुकटीचा डबा.
हवं ते घ्यावं, पैसे टाकावे,
सुटे लागले तर आपणच काढून घ्यावे.
मी तोवर खाली उतारावर, निंदणीला.

गाडीतून लोक उतरतात, फोटो काढतात,
म्हणतात, केवढा हा विश्वास!
विश्वास कसला, बाबांनो.
हात दोनच आहेत माझे,
इथं बसले तर तण कोण काढणार?

गेल्या हिवाळ्यापासून दर गुरुवारी
हिशेब कमी यायला लागला.
कधी वीस, कधी तीस,
आणि डब्याच्या तळाशी एक खडा.
नदीतला, गुळगुळीत, चिंचोक्याएवढा.

थांगकिमा म्हणाला, आई, कुलूप घाल.
मंडळीचे वडील ह्मिंगा म्हणाले, प्रार्थना कर.
मी दोन्ही केलं नाही.
केळीआड लपून बसले, हातात कोयता.
(कोयता घड कापायला आणला होता.
असं मी थांगकिमाला सांगितलं.)

ती आली. पाठीशी पोर बांधलेलं.
तिआउ नदी ओलांडून आलेल्यांतली,
पलीकडे गाव जळलेलं.
ओठ हलवत तिनं पाटी वाचली.
दोन इस्कुटं घेतली.
तिसरं उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं.
मग डब्यात खडा टाकला
आणि कान देऊन थांबली क्षणभर,
नाण्यासारखा वाजला का ते ऐकत.

कुणाला ऐकवत होती?
रस्त्यावर तर चिटपाखरू नव्हतं.

आई सांगायची, डोंगरात कुणाच्या मागून चालायचं
म्हणजे नुसत्या टाचा बघायच्या.
त्याचा चेहरा दिसत नाही, माथा दिसत नाही,
टाच उठली की तिथंच आपला पाय ठेवायचा.
पुढं उपासनेत शिष्य हा शब्द ऐकला
तेव्हा मला त्याच आठवल्या,
चिखलानं भरलेल्या दोन टाचा.
त्या दिवशी त्या माझ्या पुढ्यातून उठल्या,
रस्ता ओलांडून सरळ तिच्याकडे गेल्या.
मी केळीतच बसून राहिले.
मुंग्या चढल्या पायावर, तरी.

रात्री तांदूळ धुण्याआधी
नेहमीसारखी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकली,
मंडळीसाठी. चाळीस वर्षं टाकते आहे.
मूठ असते भरलेलीच,
फक्त बोटं मी जरा आवळून धरते.
त्या रात्री आणखी एक मूठ काढली.
मग त्यातले थोडे दाणे परत घातले.
असंच आहे माझं.

पुढल्या गुरुवारी मी उघड्यावर बसले, आलं निवडत.
मला बघताच ती वळली.
हाक मारावी तर नाव ठाऊक नाही.
आठवडाभर जुळवलेलं एक चांगलं वाक्य होतं,
क्षमेचं, प्रभूच्या नावाचं.
तोंडातून आलं ते भलतंच:
"ए पोराच्या आई, आलं निवडता येतं का?"

ती खूप वेळ उभी राहिली.
मग पोर सोडून गोणपाटावर ठेवलं
आणि बसली, माझ्यापासून हातभर लांब.
माझ्यापेक्षा भरभर निवडते. मातीही नीट झाडते.
दुपारपर्यंत दोघींत एवढंच बोलणं:
तिचं नाव न्गुनते.
पोराला दात येतायत.

मजुरी दिली. ठरल्या दरापेक्षा जास्त नाही,
मला परवडत नाही.

ते खडे एका रिकाम्या डबीत घालून
पोराला खुळखुळा करून दिला आहे.
दिवसभर वाजवतं. डोकं उठतं.
आणि संध्याकाळी मी अजून पैसे मोजते,
एकदा नाही, दोनदा.

रविवारी पायरीवर ह्मिंगांनी विचारलं,
सापडला का चोर?
म्हटलं, सापडला.
केळीत होता.