आंतरपाट

कॉव्हेंट्रीत आमच्या शेडमागे काँक्रीटची एक खोली आहे,
माणसांना आत मज्जाव.
मी आत सेल ठेवून येते, काठोकाठ भरलेले,
आणि डेनिस बटण दाबते.
खिळा खाली येतो
अनुभवी नर्सच्या सुईसारखा, न घाबरवता.

काचेपलीकडे आधी काहीच होत नाही.
हे 'काहीच नाही' मी दोन वर्षं मोजते आहे.
मागच्या मार्चात ते चार सेकंद टिकायचं,
मग शिट्टी, पांढरा धूर, जाळ.
आता एकोणीस.
डेनिस म्हणते, एकोणीस सेकंदांत तिची आई
चष्मासुद्धा शोधू शकत नाही.
मी वहीत आकडा लिहिते, तेवढाच.

आईने फोनवर विचारलं, नेमकं करतेस काय?
म्हटलं, दोन पत्रे असतात, एकमेकांसाठी आसुसलेले,
मध्ये केसाहून पातळ पडदा.
म्हणजे आंतरपाट, ती म्हणाली.
हो, पण हा कधीच दूर करायचा नाही.
भटजींनी दहा वर्षं नुसतं 'सावधान' म्हणत राहायचं,
अक्षता मुठीतच.
गारठ्यात घाईने चार्ज केलं की लिथियमला काटे फुटतात,
एखादा काटा पडद्यातून पलीकडे डोकावतो,
आणि लग्न लागतं.
अगं बाई, ती म्हणाली. आणि मग, जेवलीस का?

या गावात पूर्वी रेशमी फिती विणत.
हिलफील्ड्सच्या काही घरांना वर अजून थोरल्या खिडक्या आहेत,
मागाला उजेड हवा म्हणून.
मीही फीतच करते म्हणायची:
चिनी मातीचा लेप दिलेली,
तापली की आपली भोकं आपणच मिटून घेणारी.
बहुतेक वेळा.

रात्री घरी आले तर योनास नुकताच पिझ्झे पोचवून परतलेला,
सायकल गारठलेली, बॅटरी दाराशीच चार्जिंगला,
चोरीला जाऊ नये म्हणून वर कोट.
निळी चिकटपट्टी गुंडाळलेली, कुणी बनवली ते कुठेच नाही.
घराला दार एकच.

मी सगळं सांगितलं. धूर, एकोणीस, डेनिसची आई.
त्याने नीट ऐकलं. चांगली कितीला पडते?
सांगितलं.
तो हसला. अस्मारात तो बँकेत होता,
आकडे त्याला माझ्याहून चांगले कळतात.

कोट काढला. ती आधी कोमट होऊ दिली.
मग स्वयंपाकघरात फरशीवर ठेवली, दारापासून लांब.
अंडी उकडायचा माझा कोंबडीच्या आकाराचा गजर शेजारी.
म्हटलं, तू झोप, पहाटे तुला निघायचंय.

आता मी आणि ती कोंबडी.
लग्नात आंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात,
त्यांच्याकडे कुणी बघत नाही.
या निळ्या पट्टीआड कोण धरून उभं आहे,
कसल्या कापडाचा, किती वर्षं झाली,
मला माहीत नाही.

दिवा अजून लाल.
तळवा टेकवून बघते.
कोमट.