छाट

कंपनीची बस अशोक चौकात पाच चाळीसला.
गळ्यात पट्टी, पट्टीत माझा फोटो,
फोटोखाली टी-११७.
महिनाभर सगळे मला एकशेसतराच म्हणाले
आणि मीही वळून बघायचे.

विणकाम विभागात छतातून धुकं सोडतात.
कोरडं सूत तुटतं, कलशेट्टी सर म्हणाले,
सुताला ओल लागते.
बाहेर चव्वेचाळीस. आमच्या विडी घरकुलात
नळ पाचव्या दिवशी.
सुताच्या वाट्याचं थोडं धुकं
मी वर्षभर अंगाला लावून घेतलं.

टेरीला दोन ताणे असतात, एक ताठ, एक ढिला.
ढिल्याचे फासे होतात, तेच पाणी पितात.
हे पेपरात चार मार्कांना लिहिलं होतं मी,
हात न लावता.

काम सोपं. गोल कटर टॉवेलवर ठेवायचा,
दाबून फिरवायचा, बशीएवढा तुकडा निघतो.
तो काट्यावर. पाच ग्रॅम भरला पाहिजे.
चार पॉइंट आठ भरला की लाल शिक्का.
उरलेल्या टॉवेलला मधोमध भोक,
त्यातून पलीकडची फरशी दिसते.

घरी अम्मा मांडीवर सूप घेऊन
तेंदूच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवते, कात्री फिरवते.
हजार विड्या. शनिवारी कारखान्यात
चेकरबाई त्यातल्या मूठभर उचलून कडेला टाकते,
ती छाट.
तिचे पैसे नाहीत, आणि ती परतही मिळत नाही.

नोव्हेंबर, रात्रपाळी, चौतीस नंबरचा माग.
पडद्यावर सगळं हिरवं.
पण मी नायनाच्या चार मागांच्या शेडमध्ये वाढले,
माग अडखळला की झोपेत कूस बदलायचे.
ते माग भंगारात गेले त्या रात्री
शांततेनं मला जागं ठेवलं होतं.
म्हटलं, मामा, चौतीस अडखळतोय.
व्यंकटेश बिटला म्हणाले, कॉम्प्युटर हिरवा हाय की.
मी टॉवेल उजेडावर धरला.
वीतभर अंतरावर एकेक धागा गळलेला,
न बोललेल्या अक्षरासारखा.

दोनशे बारा टॉवेल. लाल शिक्का.
त्यांचा महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला.
कलशेट्टी सर म्हणाले, शाब्बास, लावण्या.
माझं नाव त्या इमारतीत
पहिल्यांदा तेव्हा उच्चारलं गेलं.

सकाळी अम्मानं तेलुगूत विचारलं, काय केलंस रात्रभर?
छाट काढली.
कात्री थांबली. किती?
दोनशे बारा.
कुणाची?
बिटलामामांची.
तिनं पुढचं पान घेतलं. भिजवून ठेवलेलं,
तरी चिरलं.

अकरा दिवस बिटलामामा माझ्या बाजूनं गेले नाहीत,
लांबच्या रांगेतून वळून जायचे.
बाराव्या दिवशी कॅन्टीनमध्ये समोर बसले,
डब्यातली शेंगाचटणी माझ्या ताटात ठेवली.
बाप काय करलालाय तुझा?
एटीएमवर वॉचमन आहे.
बरं, म्हणाले. चौतीसचा बिटला विचारत होता म्हण.
आणि भाकरी मोडत राहिले,
कडक भाकरीचा तो कडाकड आवाज,
आमच्या दोघांत तेवढाच.

जुलैत सर्टिफिकेट मिळालं. नाव चुकलेलं:
लावण्य. एक काना कमी.
दुरुस्तीला अर्ज करा, म्हणाले, दीड महिना लागेल.
मुबीन बागवान हसला, त्याचं तर आडनावच
कुणा दुसऱ्याचं छापलं होतं.

टाकाऊ तुकडे न्यायला परवानगी होती,
गेटवर पिशवी उघडून दाखवली.
पांढरे, बदामी, एक मोरपंखी.
अम्मानं एक तुकडा कात्रीच्या कडीला गुंडाळला,
अंगठ्याला जिथं घट्टा आहे तिथं.
मग बाकीचे सुपात ओतले
आणि एकेक उचलून उजेडाकडे धरायला लागली.

काय शोधलालीस, अम्मा?
बघते, म्हणाली,
ह्यातला बिटलाचा कुठला.