चार भोकांचं बटण

इरियाने एका रविवारी
चुलीवरच्या कांद्याकडे मधे मधे उठून बघत
एकोणीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
ती ब्राउझरच्या अस्तरात बसते गुपचूप,
आणि तुम्ही त्या मोठ्या, जगभर हातपाय पसरलेल्या दुकानात
सुई, चेन, इलॅस्टिक असलं काही शोधलंत
की 'आत्ताच घ्या' म्हणणारं पिवळं बटण उसवते
आणि तिथे नवं शिवते:
'लुदोविनाकडे आहे.
चारशे दहा पावलं. शेवटची नव्वद चढाची.'

दुपारी एक ते तीन तेच बटण म्हणतं:
'जेवतेय. आग लागलीय का कुठे?'
हे वाक्य लुदोविनाचं स्वतःचं,
काना-मात्रा न बदलता घालायच्या अटीवर दिलेलं.

तिच्याकडे कॉम्प्युटर नाही.
शिडीवरून ती ओरडते, 'मोती संपले!
निळी लेस दोन हात!'
खाली इरिया मांडीवर लॅपटॉप घेऊन खाडाखोड करते.
भिंतभर खण आहेत, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर
त्याचं त्याचं बटण शिवलेलं.
दाबून काही होत नाही.
ओढावं लागतं.

मी अदेलीनो, कुरियरवाला.
कुविल्यां हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव, सगळे रस्ते उभे,
आणि खोक्यामागे मला पंचेचाळीस सेंट मिळतात.
तेव्हा या गोष्टीत माझी बाजू कुठली
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात एक कंस भलत्या जागी मिटला.
कंसच तो, गाव छळल्याशिवाय राहतोय?
वीजबिल भरायला जावं, तर लुदोविनाकडे आहे.
ग्रंथालयात नाव घालावं, लुदोविनाकडे.
बेलमिरो आजोबांनी दाढेसाठी डॉक्टरची वेळ मागितली
आणि सुजला गाल धरून नव्वद पावलं चढले.
तिने आधी टेपने गाल मोजला.
मग घरातून लवंग आणून दिली,
दुकानाला कुलूप घातलं
आणि त्यांना चौकातल्या दवाखान्यात नेऊन बसवलं.
रात्री इरियाने कंस एक घर सरकवला.
बेलमिरो म्हणतात, आधीचंच बरं होतं.

फेब्रुवारीत माझ्या कोटाचं बटण गळलं.
गाडीत बसून फोन उघडला:
बाराचं पाकीट, मला हवं एक.
इरियाने माझ्याही फोनमध्ये ती घालून ठेवलीय
(विचारलं होतं म्हणते, मला आठवत नाही).
चारशे दहा पावलं, मला ठाऊकच होती,
तरी वाचल्यावर पाय निघाला.

लुदोविनाने काही विचारलं नाही.
उरलेल्या तीन बटणांकडे पाहिलं,
खालून चौथ्या रांगेतला खण ओढला.
चार भोकांचं, चिंचोक्याच्या रंगाचं.
'वीस सेंट. काढ कोट. नको, राहू दे अंगावरच.'
दोरा हुकला.
पुन्हा हुकला. सुई हातभर लांब धरली,
दिव्याकडे धरली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं.
हुकला.

माझ्या काखेत एक खोकं होतं,
तिच्याच नावाचं, मोठ्या दुकानाचा शिक्का मारलेलं.
द्यावं की गाडीत विसरलो म्हणावं, क्षणभर कळेना.
तिने ते कात्रीने उघडलं.
वाचायचा चष्मा, अडीच नंबर.

'खालचा चष्मेवाला गेला त्याला सहा वर्षं झाली,' ती म्हणाली,
ओशाळून नव्हे,
भाव सांगावा तसं.

स्क्रिप्ट तिथे गप्प असते. मी नंतर विचारलं इरियाला.
दुकानच नसलं, तर बटण पिवळं राहतं,
ती विसाव्या ओळीवर बसलीय खरी,
पण तिथे काय लिहायचं ते तिला सुचत नाही.

चष्मा नाकावर चढला, दोरा एका झटक्यात आत.
'श्वास घेऊ नकोस,' म्हणत तिने
माझ्या छातीशी सहा टाके घातले, दोरा दातांनी तोडला,
आणि चष्म्यावरून माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली,
'म्हातारा झालास की रे. मला दिसतच नव्हतं.'

खोक्याचे पंचेचाळीस आले, बटणाचे वीस गेले.
बाकी खिशात वाजवत
मी उतार उतरलो.