गाळलेल्या ओळी

इनासबाबच्या तीन वह्या माझ्या टेबलावर आहेत,
जुव्याच्या मानशीवरच्या.
पानांना खारा वास, मधेच एखादं खवलं
वाळून काचेसारखं चिकटलेलं.
सात वर्षांची सुंगटं:
कुठल्या ओहोटीला जाळं लावलं, किती आली.

तारखा त्यांच्या त्यांच्या आहेत.
'सांजांवाच्या दुसऱ्या दिसा.'
'पुनवेक तीन दीस उणे.'
'पाद्री बदललो ती रात.'
यंत्र लाल अक्षरांत म्हणतं, ही तारीख नव्हे.
मी पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर
शेजारी शेजारी ठेवून
पाद्री बदलला ती रात्र शोधून काढली.
मे महिना, शेवटचा मंगळवार.

वजनं टोपल्यांत.
एक टोपली म्हणजे किती, फोनवर विचारलं.
म्हणाले, 'म्हणजे भरिल्ली.'
शेवटी जाऊन काट्यावर ठेवली:
साडेसहा किलो.

हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.
ज्यांनी लिहिलं त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.
कुणीतरी कुठेतरी, ताटातलं निवत असताना,
एक चूक बुजवली
आणि ती बुजवलेली जागा माझ्यापर्यंत आली.
खाजनाचा बांधही असाच.
खेकड्याने पाडलेलं भोक ज्याला दिसलं
त्याने चिखल लावायचा,
शेत कुणाचं ते मागाहून.

आधी नुसते अक्ष.
मग अधिक चिन्ह, मग ठिपके,
अधिक, मग रेघ.
कंस मिटायला विसरले तर
खाली एकटंच अधिक चिन्ह येऊन बसतं.
भांडत नाही. पुढे बोल, म्हणतं.

साडेअकराला चित्र उमटलं,
आणि त्याखाली बारीक सूचना:
एकोणीस ओळी गाळल्या. मूल्य नाही.

तिसरी वही, ऑगस्ट. एकोणीस दिवस कोरे.
एस्पेरांस त्याच पावसात गेली, हे मी ऐकलं होतं.
सांगितलं असतं तर यंत्राने
दोन टोकं सरळ रेघेने जोडून दिली असती.
मी नाही सांगितलं.
जागा उघडी ठेवली,
आणि खरं सांगते, स्वतःवर थोडी खूश झाले.

रविवारी छापलेला कागद घेऊन पूल ओलांडला.
इनासबाब मानशीच्या कठड्यावर जाळं सांधत होते.
त्यांनी कागद आडवा धरला, मग उभा,
मग मी धरला होता तसा.
'करवत,' म्हणाले.
'म्हयन्याक दोन दांत. पुनव आनी उमास.'
मी अर्ध्या तासाचं बोलणं तयार करून आले होते.

मग मी त्या उघड्या जागेवर बोट टेकवलं, हळूच.
ते हसले.
'तें? वही नातवान इस्कोलांत व्हेल्ली.'

त्यांचं बोट डावीकडे सरकत गेलं.
नखात चिखल होता, कागदावर पुसट रेघ उमटली.
एका ठिपक्यापाशी ते थांबलं.
शेजारच्या ठिपक्यांपेक्षा
उंच नाही, ठेंगणा नाही.
'हो तो दीस.'

तेरा किलो.

मी काही विचारलं नव्हतं.
'उदक रावना,' ते म्हणाले,
आणि दोऱ्याचं टोक दातांत धरून
पुन्हा जाळ्याकडे वळले.

घरी येऊन मी त्या ठिपक्याला रंग दिला.
काढला.
थोडा मोठा केला. मग होता तसा केला.
कागदावर आता काही दिसत नाही.
फक्त कोडमध्ये, त्या तारखेच्या वर,
जाळ्याच्या डोळ्यासारखं दिसणारं ते चिन्ह टाकून
एक ओळ लिहून ठेवली आहे.
त्या चिन्हापुढचं यंत्र वाचत नाही.
उद्या कुणी हे उघडलं, दुरुस्त करायला बसलं,
तर वाचेल.

# एस्पेरांस. दोन टोपल्या.