खैरमोडेंची बैठक

साकीनाक्याच्या गाळ्यात, पोटमाळ्यावर
माझं यंत्र रात्रभर उशी विणतं.
विणतं म्हणजे, केसाएवढा एक थर,
त्यावर दुसरा, त्यावर आणखी एक;
सकाळी कुलूप काढावं तर
कालच्यापेक्षा चार बोटं उंच,
आतून सगळी पोकळ, जाळीदार,
अनारशासारखी.

हवा दमट असली की
रबरी तारेत पाणी शिरतं,
तोटी मोहरीसारखी तडतडते,
जाळीला केस फुटतात.
म्हणून तारेचं रीळ मी
तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते.
आई म्हणते, चला, डबा तरी भरलेला असतो तुझा.

सुदाम खैरमोडे, वय त्रेपन्न.
पाण्याचा टँकर, मानखुर्द ते चांदिवली,
दिवसाला सहा खेपा.
दाब मोजायच्या चादरीवर त्यांना बसवलं.
पडद्यावर डावी बाजू लालभडक,
उजवी जवळजवळ निळी.
"डावीकडे का झुकता?"
"कोण झुकतंय?" ते म्हणाले,
"सरळ तर बसलोय."

मग खाली उतरून टँकर पाहिला.
सीटखालची पट्टी डावीकडे कधीतरी तुटलेली.
तिच्यावर काथ्या,
काथ्यावर फोम,
फोमवर दुमडलेलं पोतं,
पोत्यावर बायकोच्या जुन्या पातळाची घडी.
हीही थरावर थर चढवलेलीच वस्तू.
छपाईला एकोणीस वर्षं लागलेली.

मी पट्टी बदलून घेतली.
सपाट उशी केली, अगदी काटेकोर.
साकीविहार रोडला एक फेरी मारून आले खैरमोडे,
"ताई, ही वाकडी आहे."
पाणसळ ठेवून दाखवली.
बुडबुडा मधोमध, हलेना.
त्याच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले,
"त्याचं बरोबर असेल.
पण त्याला कुठे गिअर टाकायचाय?"

त्या रात्री झोप नाही.
पहाटे कागदावर एक पाचर काढली,
पाचरीला सात खाचा,
बाजूला एक खुंटी, पिळायची.
पहिल्या खाचेत त्यांचाच वाकडेपणा,
जसाच्या तसा, मिलिमीटरसकट.
दर महिन्याला एक पीळ.
सातव्या महिन्यात पाणसळ.
(पहिली पाचर अकराव्या तासाला वीज जाऊन
अर्धीच राहिली. ती टेबलावर आहे.
पाहुण्यांना तीच आवडते.)

तिसऱ्या खाचेला आले.
कंबर बरी. क्लचवर डावा पाय बधिर होत नाही.
रात्री कूस बदलता येते.
तरी उठेनात.
"एक आहे," म्हणाले, "गाडी बोलत नाही आता."

म्हणजे?

म्हणजे पूर्वी बसल्याजागी कळायचं,
पाणी किती, कुठे हिंदकळतंय,
कुठला नट सैल होतोय.
"आता नुसतं मऊ.
बहिऱ्याशी संसार केल्यासारखं."

आठ महिने मी तोच थरथराट मारत होते.
तो किती मेला त्याचा आलेख
भिंतीवर लावला होता, निळ्या शाईत.

पुन्हा जाळी उघडली.
माकडहाडाच्या थोडं अलीकडे
दोन बोटं रुंद जागा निवडली,
तिथले धागे दाट केले, दाट, आणखी दाट,
जवळजवळ दगड.
बाकी सगळीकडे मऊ.
एवढ्यातून येऊ दे काय यायचं ते.

काल ती उशी बसवली.
खुंटी तिसऱ्या खाचेवरच.
चौथीला त्यांनी हात लावू दिला नाही.
इंजिन सुरू केलं, डोळे मिटले,
गाडी जराशी पुढे घेतली, करकचून थांबवली.
"हां," म्हणाले. "पाऊण आहे."

मी मागच्या शिडीने वर चढले,
झाकण उघडून आत काठी घातली.
पाऊणला चार बोटं कमी.

त्यांना सांगितलं नाही.
तारेचं रीळ तांदळातून काढलंय,
यंत्र तापतंय.