कारवीचा मध

दिवाळी उरकली की मरगळे येतो.
वेल्ह्याहून पहिल्या एसटीनं स्वारगेट,
तिथून चालत सहकारनगर,
दोन कॅन खताच्या पिशवीत गुंडाळलेले.
लिफ्ट असून जिन्यानं.

"दरसाल जांभळाचा असतोय, ताई. यंदा कारवीचा.
सात वर्सांनी फुलली."
भाव सांगितला आणि आमच्या पायपुसण्याकडे बघत राहिला.
मी घासाघीस केली.
पन्नास रुपये.
त्यानं सोडले.

लोणच्याची बरणी धुतली, उन्हात पालथी घातली,
वरून कोरडं फडकं फिरवलं,
पाण्याचा थेंब राहिला तर मध आंबतो.
ओततानाची धार मधेच वळायची, स्वतःवरच घडी घालायची,
लुगड्यासारखी.

वरच्या मजल्यावरचे खासनीस
काडेपेटी, टीपकागद आणि स्वतःचा ग्लास घेऊन आले.
थेंब सरळ तळाशी गेला.
टीपकागद फुटला नाही.
मधात बुडवलेली काडी पेटली.
खासनीस "हं" म्हणाले.
आमच्या सोसायटीत याहून मोठं प्रशस्तिपत्र
कुणाला मिळालेलं नाही.

मग डिसेंबरात पारा नऊवर आला
आणि एका सकाळी चमचा आत जाईना.
रवाळ, पिवळट, तळापासून वर चढत आलेलं काहीतरी.
"साखर," खासनीस म्हणाले. "फसलात."
आणि जिना चढताना गुणगुणत गेले.

मरगळेचा फोन लागेना. डोंगराला रेंज नाही.
दोन दिवस मी त्याला काय काय बोलणार
ते भांडी घासताना म्हणून पाहिलं.
विश्वास हा शब्द तीनदा येत होता.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन.
"गोठला व्हय? गोठणारच की. आमी सुरीनं काढून
नाचणीच्या भाकरीवर घेतो.
पातळच पायजे तर उन्हात ठेवा.
गॅसवर नका, जळंल."
मागे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी त्याला हाक मारत होतं.
"तुमच्या मजल्यावर ऊन येतं ना, ताई?"

येतं.
शेजारी टॉवर झाल्यापासून दहा ते अकरा.

त्या तासात बरणी गॅलरीत ठेवते,
ताटलीत पाणी घालून त्यात, मुंग्यांसाठी.
मुंग्या काठावर येतात, थांबतात,
जरा सल्लामसलत करून परत जातात.
कडेनं आधी सुटतो मध,
मधला खडा हट्टी.
काल त्यातून एक माशीचा पाय वर आला,
केसाएवढा.
काढला नाही.

खासनीसांना खोकला झालाय.
वाटी घेऊन नातीला पाठवलं,
काडेपेटीशिवाय.

लेबल आज लिहिलं:
कारवी. नागू मरगळे. कार्तिक.
खाली भाव,
पन्नास मिळवून.

पुढची फुलेल तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरची असेन.
निम्मी बरणी वितळवायची नाही असं ठरवलंय.
सुरी चालते.