नोंद : वही, एक, निळी

स्वारगेटच्या डेपोत, जिन्याखाली, माझी खिडकी.
बसमध्ये विसरलेलं सगळं माझ्याकडे येतं,
म्हणजे माझं होत नाही. फक्त येतं.
छत्र्या, टिफिन, एक डावा बूट,
एकदा कवळी, रुमालात बांधलेली.
तिला माझी म्हणायला कोणी फिरकलं नाही.

वही आली हडपसरच्या गाडीतून, मे महिन्यात.
कव्हरवर नाव नाही. भिलारे कंडक्टर म्हणाला,
इंग्लिशसुद्धा नाही हो, भलतंच काहीतरी.
मालक शोधायला, नियमाप्रमाणे, पहिलं पान उघडलं.
पहिल्याच ओळीत प्रश्न: दे क्येन एस?
खाली शिसपेन्सिलीत: कोणाचं आहे?

अठ्ठावीस वर्षं हेच विचारतोय मी.
दुसऱ्या मुलखात त्याचे एवढे लाड होत असतील
वाटलं नव्हतं.

दुपारी खिडकीवर कुत्रं नसतं. वाचत गेलो.
एस मीओ, माझा आहे. एस मीआ, माझी आहे.
म्हणणारा बाप्या की बाई, कोणी विचारत नाही,
शब्द वस्तूच्या मागून चालतो, हमालासारखा.
हे तर आपल्याच घरचं!
माझा डबा, माझी पिशवी, मी तोच.

मिस यावेस, माझ्या किल्ल्या.
ड्रॉवरमध्ये सतरा जुडगे पडून आहेत.
एकेक हातात घेऊन हळूच म्हणून पाहिलं,
मिस यावेस,
आणि परत ठेवले.

मे दुएले ला काबेसा. मला दुखतं ते डोकं.
डोक्याला माझं म्हणत नाहीत तिकडे.
दुखतंय मला, तर दुसऱ्या कोणाचं असणार?
पावती कशाला?
हे बायकोला सांगितलं. तिची कंबर धरली होती.
म्हणाली, मग ही जमा करून घ्या,
खिडकीत ठेवा, कोणी येतंय का बघा.

मग आलं: मी कासा, माझं घर.
आपण नुसतं मी म्हणतो,
तिकडे पोचेपर्यंत त्याचं माझं होतं.
बाजूला तिच्या बारीक अक्षरात:
'भाड्याची खोली आहे. तरी मी?'
आणि शिकवणाऱ्यांच्या लाल शाईत एवढंच:
'तरी.'
त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

नव्वद दिवसांनी रद्दी, असा नियम.
सत्त्याऐंशीव्या दिवशी ती आली.
तरन्नुम बागवान, खांद्याला लॅपटॉप, रिक्षा थांबवून ठेवलेली.
वही होती, निळी, म्हणजे खास काही नाही, पण.
खूण विचारायची असते. मी विचारलं,
दे क्येन एस?

ती बघतच राहिली. मग हसली,
आणि वही ती वही, म्हणून म्हणाली, एस मीआ.
मी म्हटलं, मीओ. क्वादेर्नो पुल्लिंगी. पान चौदा.
कुठे शिकलात, काका?
इथेच, म्हटलं. तुमच्याकडे.

सही केली, वही बॅगेत सरकवली, गेली.
रिक्षावाला हॉर्न मारत होता.

शेवटून दुसऱ्या पानावर होतं: लो मीओ.
ना तो, ना ती. माझं ते.
जे जमतं, ज्यात जीव रमतो, ते,
असं काहीसं, आणि पुढे टिंबं.
ते तिला विचारायचं होतं, राहिलं.
रजिस्टरात रकाने चार: वस्तू, रंग, गाडी, मालक.
पेन उचललं, पोचेची तारीख घातली,
ओळीवर रेघ मारली.

चार वाजता चहा आला.
दोन ग्लास, एक अर्धा प्यालेला.
भिलारे म्हणाला, हा कोणाचा?
मी तोंड उघडलं,
आणि ग्लास तिकडे तो की ती, तेच आठवेना.
बघायला वही नव्हती.